चोणक तव्यावर भाजून संत्र्याचं ग्लेझ: कातडी तव्याला चिकटते, रस कडू होतो

मांडवीकाठ (प्रश्न)

चोणक या खाडीतल्या माशाचे कातडीसकट फिले (मधला काटा काढलेले लांब तुकडे), दोन, प्रत्येकी साधारण १८० ग्रॅम, जाडी अडीच सेंटीमीटर. मीठ, हळद आणि एका लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवले. बिडाचा तवा मोठ्या आचेवर तापवला, दोन चमचे खोबरेल घातलं, मासा कातडीच्या बाजूने ठेवला. दोन मिनिटांनी उलटायला गेलो तर कातडी तव्याला आणि मास उलथन्यावर. पाणी इतकं सुटलं की शेवटी मासा भाजला की शिजला तेच कळेना. मग त्याच तव्यात दोन मोसंब्यांचा रस, एक चमचा साखर आणि चमचाभर बटर घालून आटवलं. रंग काळपट, चव कडू, आणि लोखंड चाटल्यासारखी.

दुसरं भांडं म्हणून जाड बुडाचा २४ सेंटीमीटरचा स्टीलचा पॅन आहे, नॉनस्टिक नाही. रवा लावून तळणं येतं, ते विचारत नाही. कातडी कुरकुरीत, आतून रसाळ आणि वर आंबट-गोड चकाकी, म्हणजे ग्लेझ, हवी आहे. कुठे कुठे चुकलं?

---

फोंडेकार_रांदप

मासा चांगला होता, जाडी नेमकी होती. बाकी क्रम सगळा उलटा पडलाय. एकेक घेऊ.

लिंबू आधी लावू नका. रवा फ्रायला आपण लिंबू किंवा सोलांचं (कोकमाचं) पाणी लावतो ते चालतं, कारण सुटलेलं पाणी रवा पिऊन टाकतो. इथे रवा नाही. अर्ध्या तासात आंबटाने वरचा थर पांढरा पडतो, आवळला जातो आणि पाणी बाहेर ढकलतो. तव्यावर पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला १४० च्या आसपास तरी पोचावं लागतं. तुमचा मासा वाफेवर शिजला तो असा. हळदही नको. एवढ्या आचेवर कोरडी पूड करपते आणि कडवटपणात तिचाही वाटा असतो.

त्याऐवजी हे करा. फिले धुवून लगेच टिपून घ्या. सुरीची बोथट कड कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे तिरकी ओढा, काचेवरचं पाणी ओढतात तशी. राखाडी चिकट पाणी निघेल. ते पुसायचं, पुन्हा ओढायचं, तीन-चार वेळा. मग १८० ग्रॅमच्या तुकड्याला २ ग्रॅमच्या आत-बाहेर मीठ, म्हणजे चहाच्या चमच्याचा सपाट तिसरा हिस्सा, दोन्ही बाजूंना. कातडी वर करून जाळीवर ठेवून फ्रिजमध्ये उघडंच अर्धा-पाऊण तास. पावसाळ्यात तर हे कराच. ओट्यावर ठेवलेलं आपल्या दमट हवेत काहीही सुकत नाही. बाहेर काढल्यावर पुन्हा एकदा कागदाने टिपा. बोट लावल्यावर कातडी कागदासारखी लागली पाहिजे, ओलसर रबरासारखी नाही.

भांडं स्टीलचं घ्या. बिडाच्या तव्यावर मासा उत्तम भाजतो, पण त्यात आंबट रस आटवायचा नाही. आंबट रस तव्यावरचा तेलाचा मुरलेला थर खातो, खालचं लोखंड रसात उतरतं. तुमचा काळपट रंग आणि लोखंडी चव तिथलीच. ॲल्युमिनियमच्या कढईतही तेच रडगाणं.

पॅन मध्यम आचेवर रिकामाच तीन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाका. थेंब फसफसून उडून गेला तर अजून वेळ आहे. पाऱ्याच्या गोळीसारखा अख्खा थेंब घरंगळत फिरला की झालं. पाणी पुसा, मगच तेल. खोबरेलला माझा विरोध नाही, पण घाण्याचं खोबरेल लवकर धुरावतं. रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान तेल एक मोठा चमचा. तेलावर लाटा दिसू लागल्या की मासा कातडी खाली करून, आपल्यापासून लांबच्या दिशेने आडवा सोडा. लगेच रुंद उलथन्याने दाबून धरा, वीस-तीस सेकंद. उष्णतेने कातडी आक्रसते आणि तुकडा वाटीसारखा वाकतो. दाबला नाही तर फक्त कडा भाजतात. दोन्ही तुकडे एकदम टाकू नका, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने.

आता सगळ्यात अवघड भाग: हात लावू नका. सुरुवातीला मासा धातूला चिकटतोच. खालचा थर भाजून कडक झाला की तो आपोआप सुटतो. तुम्ही दोन मिनिटांनी उलटायला गेलात, तेव्हा तो सुटायच्या वाटेवरही नव्हता. अडीच सेंटीमीटरला मध्यम आचेवर पाच ते सहा मिनिटं लागतात. बाजूने बघत राहा. खालून वर पांढरेपणा चढत जातो, तो दोन-तृतीयांशापर्यंत आला की उलथनं हळूच सरकवून पाहा. अडलं तर सोडा, मिनिटभराने परत. उलटल्यावर दुसरी बाजू फक्त एक-दीड मिनिट. सुरीचं टोक सर्वात जाड भागात घालून पाच सेकंद ठेवा आणि खालच्या ओठाला लावा. चांगलं गरम लागलं की उतरवा. थर्मामीटर असेल तर ६० ला उतरवा, ताटात तो आणखी दोन-तीन अंश चढतो.

ग्लेझ वेगळ्या छोट्या स्टीलच्या पातेल्यात, माशाच्या आधी करून ठेवायचं. २०० मिली संत्र्याचा रस गाळून, १० ग्रॅम माडाचा गूळ, आल्याची एक चकती. मध्यम आचेवर ५० मिलीपर्यंत आटवा, दहा-बारा मिनिटं. सुरुवातीचे बुडबुडे बारीक आणि घाईचे असतात. नंतर मोठे, सुस्त आणि चकचकीत होतात. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही की गॅस बंद. आल्याची चकती काढा. मीठ आता चाखून, आधी अजिबात नाही; आधी घातलेलं मीठ आटताना चौपट होतं. लिंबाचा रस एक मोठा चमचा तोही आताच, कारण लिंबाचा सुवास उकळला की उडून जातो, नुसतं आंबट उरतं. मासा ताटात आला की पातेलं पुन्हा कोमट करून, आच बंद करून, फ्रिजमधलं थंड बटर २० ग्रॅम दोन तुकड्यांत घाला आणि पातेलं गोल गोल फिरवत राहा. त्याने चकाकी येते. बटर घातल्यावर उकळलं की तूप वेगळं आणि रस वेगळा. आपल्याकडच्या पिवळ्या टेबल बटरमध्ये मीठ असतंच, ते धरूनच आधीचं मीठ घाला.

---

तेफळ_आणि_मीठ

वरचं सगळं बरोबर, फक्त कडूपणाचा मुख्य आरोपी राहिला: मोसंबी. रसवंतीवाला ग्लास हातात देतो आणि लगेच प्यायला सांगतो, त्यामागे हेच आहे. मोसंबीच्या पडद्यांत आणि बियांत एक पदार्थ असतो जो स्वतः कडू नसतो. फळ पिळल्यावर तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, ते जहाल कडू. गरम केलं की हे काम भराभर होतं. वर तुम्ही आटवून ते दाट केलंत. साखर कितीही घाला, तो कडूपणा झाकला जात नाही.

नागपुरी संत्र्यातही हा दोष आहे, कमी प्रमाणात. म्हणून मिक्सरमध्ये फोडी फिरवायच्या नाहीत. आडवं कापून, बिया काढून, हाताने हलकं पिळायचं, शेवटचा थेंब काढायच्या नादात पांढरा भाग दाबायचा नाही. पिळल्यावर लगेच पातेलं गॅसवर. खोक्यातला तयार रस घेतलात तर आधी चाखा. त्यात बहुतेक वेळा साखर असते, मग गूळ बंद.

सालीचा सुवास हवा असेल तर वरची केशरी साल किसणीवर दोनदा फिरवा, तिसऱ्यांदा पांढरं लागतं. ती शेवटी घाला. आणि फळावर मेणाचा चकचकीत थर असेल तर कोमट पाण्यात घासून घ्या.

पपनस कुणी सुचवायच्या आधीच: त्याचा रस आटवू नका, तो मुळातच कडवट. गणपतीची माटोळी (वर टांगलेली फळांची आरास) उतरल्यावर घरात पपनस पडलेलं असतंच. त्याच्या पाकळ्या सोलून, आतले दाणे मोकळे करून, तयार ग्लेझमध्ये अगदी शेवटी कच्चेच टाका. दाताखाली फुटतात, सुंदर लागतात.

---

बार्देसची_सून

बाजारातली मासळीवाली इसवणासारख्या (सुरमईसारख्या) आडव्या तुकड्याच करून देते. फिले मागायचे कसे? आणि चोणक नसेल तर दुसरं कुठलं नुस्तं (मासा) चालेल?

---

फोंडेकार_रांदप

ताई, मासा निवडायच्या आधी सांगा, कापल्यावर नाही. "खवले काढ, कातडी ठेव, मधला काटा काढून दोन लांब बाजू दे" एवढं म्हटलं की कळतं. खवल्यांवर लक्ष ठेवा. चोणकाचे खवले मोठे आणि टणक असतात, पोटाखाली आणि परांच्या मुळाशी राहून जातात, आणि भाजल्यावर नखासारखे दातात येतात. सव्वा किलोच्या चोणकातून निम्म्याहून कमीच फिले मिळतो, त्या हिशेबाने घ्या. डोकं आणि मधला काटा टाकू नका, हुमणाला (नारळाच्या रसातल्या माशाच्या आमटीला) तेच गोड लागतं. घरी आल्यावर डोक्याकडच्या अर्ध्या भागात मधोमध उलटं बोट फिरवा, बारीक काट्यांची रांग टोचेल. चिमट्याने काट्याच्या दिशेनेच ओढायचे, उभे ओढले तर मास फाटतं.

शेपटीकडचा निमुळता भाग वेगळा कापा. जाड भाग शिजेपर्यंत तो सुकून जातो.

पर्याय: तांबसो (रेड स्नॅपर) पहिला. कातडी पातळ, छान कुरकुरते, लाल रंगही टिकतो; तिच्यावर तीन उथळ चिरा द्या, तो चोणकापेक्षा जास्त आक्रसतो. गोब्रो (ग्रुपर) चालेल, पण त्याची कातडी जाड आणि चिवट, काढूनच टाका. इसवण या पद्धतीला कोरडा पडतो. घेतलाच तर दोन सेंटीमीटरची तुकडी, ५०० मिली पाण्यात २५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दहा मिनिटं बुडवून, पुसून, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिनिटं, बस्स. त्या खारट पाण्याचा आणखी एक फायदा, भाजताना बाजूने जो पांढरा फेस जमतो तो कमी होतो. बांगडो, तारलो या तेलकट मासळीला संत्र्याची गोडी नको. त्यांना रेशाद (व्हिनेगरात वाटलेला मिरचीचा मसाला) आहे ना.

---

खाजनातला_बांध

चोणक म्हणजे तिकडे रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हाही तो दिसतो, कारण तो खाडीत, मानशीपाशी (बांधाच्या झडपेपाशी) मिळतो आणि पाळलेलाही येतो. पाळलेल्यात चरबी जास्त, त्यामुळे या पद्धतीला तो उलट सोपा. कधीकधी चिखलाचा वास येतो मात्र. तेवढ्यापुरतं लिंबू वापरायला हरकत नाही, तो वास आंबटाने मोडतो. पण लिंबाचं पाणी करून अर्धं मिनिट फिरवा, लगेच धुवा, लगेच पुसा. अर्धा तास नव्हे.

गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवून. बाहेर पडलेलं पाणी मासा परत पीत नाही, म्हणून त्यात बसू द्यायचं नाही.

---

लोटली_किचन

एवढ्या चांगल्या चोणकाला संत्र्याचा रस? रवा, तेफळाचं (तिरफळाचं) वाटण, संपला विषय. असो, ज्याची त्याची जीभ.

पण एक कामाचं सांगते. गूळ-साखरेऐवजी कुणी रेशादचा मसाला ग्लेझमध्ये घालून बघणार असेल तर पाव चमचाच, आणि तो आधी पातेल्यात थेंबभर तेलावर मिनिटभर परतून मग रस ओतायचा. कच्चा मसाला रसात उकळला की मिरचीचा कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही. त्यात व्हिनेगर आधीच असतं, तेव्हा लिंबू निम्मं करा. आगळ (कोकमाचा घट्ट रस) घालायचा मोह होईल. रंग बिघडतो, केशरीत जांभळं मिसळून चिखल होतो. शिवाय आगळ खारट असतं.

---

मांडवीकाठ

सगळ्यांचे आभार. काल स्टीलच्या पॅनमध्ये केलं. कातडी सुटली, अख्खी. ग्लेझ कडू नाही. दोन अडचणी उरल्या. ग्लेझ वरून ओतल्यावर पाच मिनिटांत कातडी मऊ पडली. आणि उरलेलं ग्लेझ थोडं माशासोबत पॅनमध्ये घातलं होतं, ते कडेने करपलं. शिवाय रविवारी सहा जण जेवायला आहेत, २४ सेंटीमीटरच्या पॅनमध्ये कसं जमवायचं?

---

फोंडेकार_रांदप

कुरकुरीत कातडीवर ओलं घालायचं नाही, इतकं सरळ आहे. ताटात आधी ग्लेझ पसरा, दोन मोठे चमचे, आणि मासा कातडी वर करून त्यावर ठेवा. मांसाची बाजू रस पिते, कातडी कोरडी राहते. कातडी काढलेला तुकडा असेल तरच वरून लावा, तेही गॅस मंद करून, शेवटच्या तीस सेकंदांत, चमच्याने दोन-तीनदा ओतून. मासा भाजताना पॅन २०० अंशांच्या आसपास असतो; त्यावर गुळाचा पातळ थर अर्ध्या मिनिटात काळा पडतो. तुमचं कडेला करपलं ते यामुळे: मधे मासा थंडावा देतो, कडेला काहीच नसतं.

सहा जणांसाठी २४ च्या पॅनमध्ये एका वेळी दोनच. तिसरा घुसवलात की तेल थंड होतं, पाणी सुटतं, पुन्हा पहिला अंक. ओव्हन असेल तर १८० वर आधी तापवून ठेवा. सगळे तुकडे फक्त कातडीच्या बाजूने चार मिनिटं भाजा, न उलटता जाळीवर कातडी वर करून मांडत जा, शेवटची जोडी झाली की सगळे एकदम ओव्हनमध्ये चार ते पाच मिनिटं. दर जोडीनंतर पॅन पुसा, तेल नवीन. जुन्या तेलातले काळे कण पुढच्या कातडीला चिकटतात.

ओव्हन नसेल तर दोन पॅन, दोन शेगड्या, आणि पहिली जोडी ताटात नाही, जाळीवर ठेवा. झाकण घालू नका. झाकलंत की वाफेने कातडीचा पापड नरम.

---

तेफळ_आणि_मीठ

सहा जणांचं ग्लेझ म्हणजे ६०० मिली रस. तो खोल पातेल्यात तिप्पट वेळ घेईल आणि जितका जास्त वेळ उकळेल तितका कडूपणाचा धोका. पसरट भांड्यात आटवा, १५ मिनिटांच्या आत झाला पाहिजे. १५० मिलीवर थांबा. सकाळी एवढं करून ठेवता येतं, पण लिंबू आणि बटर वाढायच्या वेळीच. थंड झाल्यावर घट्ट वाटेल, घाबरून पाणी ओतू नका, गरम केल्यावर सैल होतं. फारच घट्ट राहिलं तर चमचाभर ताजा संत्र्याचा रस.

बटर ६० ग्रॅम एकदम टाकू नका, चार तुकड्यांत. फुटलंच तर एक चमचा थंड पाणी घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा परत जुळून येतं.

---

बार्देसची_सून

सोबत भात की पाव?

---

लोटली_किचन

पोई, गोव्याचा कोंड्याचा पाव. ताटातलं ग्लेझ पुसून खायला भाताचा काय उपयोग. आणि हुमण त्याच जेवणात वाढू नका हं, नारळाच्या रसापुढे संत्र्याची चव उभी राहत नाही. त्या डोक्याचं दुसऱ्या दिवशी करा.